अक्काचा गोबरगॅस

अक्का गेली तेव्हा मी सहावीच्या वर्गावर होते. कसबा बावड्याहून पुतण्याचा फोन शाळेच्या ऑफिसात आला. शिपाई दारात येऊन नुसता उभा राहिला, तेव्हाच समजलं. मुलांना गणितं घालून दिली, वर्ग शेजारच्या बाईंवर सोपवला आणि बस धरली. दोन वर्षं ती धापेनं खंगत होती, त्यामुळे धक्का वगैरे बसला नाही. आता महिना झाला... आणि रोज काहीतरी तिला सांगायचं राहून जातं आहे.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. शिवाजी पेठेतून लग्न होऊन मी त्या शेतकरी घरात आले तेव्हा तिथं चूल होती, शेणींचा ढीग होता आणि डोळे पुसत भाकरी थापणारी अक्का होती. धूर मी सोसला असता. पण संडास नव्हता. उजाडायच्या आत उसात जायचं, नाहीतर दिवसभर पोट आवळून बसायचं. चौथ्या दिवशी मी ट्रंक भरली. अक्का उंबऱ्यात येऊन बसली. "जाऊ नगंस. वरीसभर दम धर. संडास मी बांधून घेतो की." आमच्याकडे बायकाही अशाच बोलतात, पुरुषांसारख्या. वर्ष मागून तिनं आठ वर्षं घेतली. घराजवळ घाण नको, एवढं बोलून मामंजी उठून जायचे.

मग रॉकेल मिळेनासं झालं, रांगा लागल्या, आणि तालुक्याचे एक साहेब गोबरगॅसची माहिती सांगायला घरी आले. म्हशींच्या शेणावर घरचा स्वयंपाक होतो हे ऐकून मामंजी खूश. तेवढ्यात अक्का दाराआडून बोलली, "साहेब, त्याला संडास जोडला तर गॅस वाढतोय काय?" साहेब म्हणाले, वाढतो. मामंजींनी चहाची बशी खाली ठेवली.

"देवाचा निवद त्येच्यावर शिजवायचा व्हय?"

"निवद चुलीवर करतो की. तुमचा च्या गॅसवर."

गॅस आला, संडास राहिला. निळी आच बघायला गल्लीतल्या बायका येऊन गेल्या. रोज शेण-पाणी कालवून टाकीत सोडायचं काम अक्काकडे होतं. त्या थंडीत मामंजींचे कुरुंदवाडचे व्याही जेवायला आले. पाहुणे पाटावर बसले आणि भात अर्धा कच्चा असताना शेगडी विझली. चूल पेटवून तो शिजेपर्यंत मंडळी रिकाम्या ताटांपुढे. अक्का आतून मोठ्यानं म्हणाली, "गॅस पुरंना झालाय, पावणं. जोडणी अर्धीच हाय न्हवं." कसली जोडणी, असं व्याह्यांनी विचारलं. पुढच्या आठवड्यात गवंडी आला.

संडास झाल्यावर तिनं मला सांगितलं, "पावणं यायच्या आदी चार दिस टाकीत शेण घातलंच न्हाय. सगळं शेणीला थापलं. कुणाला बोलू नगंस." आजवर बोलले नव्हते.

उसात जाणं संपलं, तरी पाचाला ती माझं दार वाजवायची. "ऊठ की. आता निवांत बोलाय मिळतंय." टाकीच्या कठड्यावर आम्ही बसायचो. ती शेण कालवायची, मी पाणी ओतायची, आणि घरात सगळ्यांसमोर जे बोलता येत नसे ते तिथं बोलून व्हायचं. माझ्या डी.एड.साठी मामंजींना कसं वळवायचं, तेही तिथंच ठरलं. पुढे शाळेसाठी आम्ही पेठेत राहायला आलो. तिच्या छातीत मात्र गॅस येण्याआधीचा सगळा धूर तसाच राहिला होता...

तेराव्याला पुतण्या म्हणाला, "काकी, सिलिंडर आलाय आता. ती टाकी बुजवून टाकतो."

"बुजव," म्हटलं. म्हशी विकल्यापासून तिचा उपयोगच नव्हता. "कठडा तेवढा ठेव."

"कशाला?"

"बसायला."