घनकिलोमीटरमध्ये हरवलेलं पाणी

“सायेब, आमच्या गावाफुडं सोन्ने मारलाय तुमी.”

पुंडलिकमामांनी पंचायतीच्या फळ्यावरून काढून आणलेली नोटीस माझ्या टेबलावर ठेवली. सोन्ने म्हणजे कन्नडमध्ये शून्य. साडेदहा वाजले होते. अकराला मीटिंग होती आणि तिथं मामांचा ओढा पाइपनं दुसरीकडे वळवण्याच्या ऑर्डरवर सही व्हायची होती.

जोयडा तालुक्यातल्या लहान बंधाऱ्यांचं पाणी मोजणं हे माझं काम. मामा रामनगरजवळच्या अकरा घरांच्या वस्तीचे गावकार. वस्तीत तंटा झाला की शेवटचा शब्द त्यांचा. नोटिशीत त्यांच्या वस्तीपुढं लिहिलं होतं: उन्हाळी सिंचन वापर ०.०००. हा आकडा माझा होता. खाली सहीही माझीच.

झालं होतं असं. आमचा रिपोर्ट सगळ्या पृथ्वीच्या पाण्याचा हिशेब मांडणाऱ्या एका अभ्यासाला जोडायचा होता. आम्ही इंजिनियर लोक धरणाचं पाणी टीएमसीत मोजतो, म्हणजे शंभर कोटी घनफुटात. त्या अभ्यासाला टीएमसी चालत नव्हतं. त्यांना घनकिलोमीटर हवं होतं. एक किलोमीटर लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच उंच टाकी डोळ्यांपुढं आणा. ती भरायला पस्तीस टीएमसी पाणी लागतं. महासागर मोजायला हे माप ठीक आहे. मामांच्या वस्तीत उन्हाळी भाताला लागतं एक लाख नव्वद हजार घनमीटर. मी त्याला शंभर कोटींनी भागलं. फॉर्मॅटमध्ये दशांशानंतर तीनच घरं होती, त्यामुळे उत्तर दिसलं शून्य. गणित दोनदा तपासलं होतं. बरोबर होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. एवढा शहाणपणा मला भोवला.

तोच तक्ता पाइपच्या ऑर्डरला जोडला गेला. आणि नियम असा, की जिथं वापर शून्य तिथं शेतकऱ्यांची सुनावणी घ्यायची गरज नाही.

“आमचं मूळ घर सुप्याच्या धरणात बुडालं,” मामा म्हणाले. “तवा पानी आलं म्हनून गाव सोडलं. आता पानी न्हाई म्हनून सोडायचं व्हय?”

मी मामांना घेऊन माझे वरिष्ठ हिरेमठ साहेब यांच्या केबिनमध्ये गेलो आणि चूक सांगून टाकली. साहेबांचा चेहरा लाल झाला.

“देसाई, हे आज सांगताय? वीस मिनिटं राहिलीत!”

“सर, ऑर्डर थांबवा.”

“मी काय सांगू मीटिंगमध्ये? माझा इंजिनियर झोपला होता? आज सही होऊ दे. पुढच्या मीटिंगला दुरुस्ती घालू.”

“सर, तोवर पाइप पडलेला असेल.”

साहेबांनी फाइल उचलली आणि ते मीटिंगकडे निघाले. मी मामांना मीटिंगला आणलं, त्याला ते नको म्हणाले नाहीत.

मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर माझाच तक्ता होता. चौदा गावं, चौदा शून्यं. मी उभा राहून चूक मान्य केली. बेंगळुरूहून आलेल्या सल्लागार मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

“दोन लाख घनमीटर आमच्या मॉडेलमध्ये राउंडिंगमध्ये जातं,” त्या म्हणाल्या. “त्यानं निष्कर्ष बदलत नाही.”

“मॅडम, त्या राउंडिंगमध्ये अकरा घरं राहतात.”

“पण तक्ता तर तुम्हीच सर्टिफाय केलाय.”

ते खरंच होतं. साहेबांनी पेन उघडलं. माझ्याकडचे मुद्दे संपले होते.

तेवढ्यात मामा खुर्चीवरून उठले. ते आकडे कन्नडमध्ये पुटपुटत पडद्याजवळ गेले आणि शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

“हितं बेरजेत तीन कसं आलं?”

बेरजेच्या ओळीत ०.००३ होतं. माझी नजर त्या ओळीवरून शंभर वेळा तरी गेली असेल.

“आमच्या पाटावर फनसाचं लाकूड आडवं टाकलंय,” मामा सांगू लागले. “त्याला अकरा खाचा. एकेका घराला एकेक. ज्याचं शेत मोठं त्याची खाच रुंद. सगळ्या खाचा चिखलानं बुजवल्या तर खाली पानी येत न्हाई. तुमी चौदा गावांच्या खाचा बुजवल्यात. मग खाली हे पानी कुठनं आलं?”

कॉम्प्युटरनं बेरीज पडद्यावर न दिसणाऱ्या पूर्ण आकड्यांची केली होती. मी लॅपटॉपकडं गेलो आणि दशांशाची घरं वाढवायचं बटण दोनदा दाबलं. मामांच्या वस्तीपुढं ०.०००१९ आलं. बाकीच्या तेरा गावांपुढंही आकडे उमटले.

मॅडमनी चौदाही आकडे वाचले. “वापर शून्य नाही. सुनावणी घ्यावी लागेल,” त्या म्हणाल्या. साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

सुनावणी झाली. पावसाळ्यातलं जादा पाणी पाइपनं न्यायचं आणि उन्हाळ्यात ओढ्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. मला मेमो मिळाला. निष्काळजीपणाचं कारण द्या म्हणून. मी लिहिलं, “एकक चुकीचं निवडलं गेलं.” ते पूर्ण खरं नव्हतं. एकक वरून आलं होतं, पण उत्तर शून्य आल्यावर थबकायला हवं होतं मी, आणि मी थबकलो नाही. त्या वस्तीत मी चार वेळा जेवलो होतो. तिथं भात पिकतो, हे मला कागद बघून कळायची गरज नव्हती.

आता कुठलाही नवा तक्ता आला की मी पहिली ओळ मामांच्या पाटाची भरतो. तिथं शून्य दिसलं तर पुढचं काही भरत नाही, आधी माप बदलून घेतो. साहेब वैतागतात. परवा त्यांच्याच एका तक्त्यात शून्य आलं, तेव्हा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून हळूच विचारलं, “देसाई, ते दशांशाचं बटण कुठं असतं?”