रोज नवा आवाज

ओझरच्या मळ्यांत बिबट्या म्हणजे उसातला बिनभाड्याचा भाडेकरू. अधूनमधून दिसायचा, लोक म्हणायचे, "दिसला व्हय? बरं." पण त्यानं शेजारच्या जानकूची कालवड दिवसाढवळ्या ओढून नेली आणि गोरखचा धीर सुटला.

"आपल्या प्राचीची शाळा बंद," त्यानं आईला, साळुबाईला, सांगून टाकलं. शाळेची वाट दोन्ही अंगांनी उसातून जायची.

साळुबाई भडकलीच. तिची स्वतःची शाळा ओढ्याच्या पुराचं निमित्त होऊन चौथीत सुटली होती, आणि ते दुखणं अजून गेलं नव्हतं. "मी सोडीन तिला, मीच आणीन. वाघाच्या भ्यानं माजी नात घरात बसनार न्हाई!"

आवाजानं बिबट्या बुजावा म्हणून तिनं वाटेवरच्या बाभळीला रेडिओ टांगला. आठवडाभर गडी फिरकला नाही. म्हातारी काय खूश! मग एका सकाळी बघते तर रेडिओच्या खालीच मातीत पंजे उमटलेले, आणि बसल्याची जागा चांगली दबलेली. वर गाणी चालली होती अन् साहेब खाली आरामात पहुडून गेले होते.

"सवय झाली मुडद्याला," साळुबाई म्हणाली. "आता रोज नवीन."

मग कधी थाळी, कधी बैलाची घुंगरं, एकदा तर लग्नातली पिपाणी. गाव हसलं. हसू दे की, गावाची नात थोडीच त्या वाटेनं जात होती!

पण सवय माणसालाही सोडत नाही. बरेच दिवस पंजा दिसेना, तशी साळुबाई एक दिवस रिकाम्या हातानं निघाली. वळणावर तो वाटेतच बसलेला. वाजवायला तिच्याजवळ काहीच नव्हतं. नातीला मागं ओढायलाही हात उठेना.

प्राची मात्र पुढं झाली आणि सगळा जीव एकवटून ओरडली, "सतरा एके सतरा! सतरा दुणे चौतीस!"

बिबट्यानं कान टवकारले. असलं काही त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. एक्कावन्नला तो उठला, अडुसष्टला उसात शिरला.

साळुबाई मटकन खाली बसली. पोरीला कवटाळून हमसून हमसून रडली. मग पदरानं डोळे पुसले आणि उठली.

"चल, घंटा व्हईल. अन् बाईंना सांग, आजच्या आज अठराचा शिकवा. सतराचा त्यानं ऐकलाय."