खाली है, बहनजी

मंडळी, मी बुऱ्हाणपूरची गाइड. किल्ले, मकबरे, भुयारं दाखवते, त्यामुळे लोकांना वाटतं हिची भुताखेतांशी रोजची उठबस असणार. कसलं काय! इतक्या वर्षांत मला माकडांशिवाय कुणी दर्शन दिलेलं नाही, आणि तीही डबा बघून येतात. प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी काकू मला बाजूला घेऊन विचारतेच, "इथे काही... दिसतं म्हणे?" मी म्हणते, "दिसतं ना काकू, ऊन दिसतंय, टोपी घाला." असा माझा खाक्या. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण दोन महिने झाले, कुणाला तरी सांगितल्याशिवाय डोकं ठिकाणावर राहायचं नाही.

आधी आमच्या घरातला एक किस्सा सांगते, तो माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही.

माझी आई यावलकडची. बाबा नेपानगरला कागदाच्या मिलमध्ये नोकरीला. लग्न झालं आणि बाबा तिला घेऊन भुसावळहून पॅसेंजरने निघाले. ते ट्रंका सांभाळत दाराशी उभे, आई आत जागा शोधतेय. एक माणूस सरकून तिला म्हणाला, "खाली है बहनजी, बैठ जाइए." आईला हिंदीचा गंध नाही! तिला वाटलं, हा खाली बसायला सांगतोय. नवी नवरी, अंगावर शालू... बसली की फतकल मारून डब्याच्या जमिनीवर! तो बिचारा घाबरून म्हणतोय, "अरे खाली है, खाली है!" तर आई म्हणाली, "खालीच तं बसलीय ना भाऊ, आजून किती खाली बसू?" चांदनी स्टेशन गेल्यावर, म्हणजे नेपानगरच्या तोंडाशी, बाबा आत आले, तर सीट रिकामी आणि बायको जमिनीवर.

झालं, जन्मभराची थट्टा. जेवायची वेळ झाली की बाबा आईच्या शेजारच्या पाटाकडे बोट दाखवून विचारायचे, "क्यों बहनजी, खाली है?" आणि आई लटक्या रागाने ओरडायची, "आहे खाली, या खाली!" सगळी हयात मध्य प्रदेशात काढली, पण ती हिंदी शिकली नाही. भाजीवाल्याशीसुद्धा मराठीत भांडायची आणि जिंकायची. तिच्या लेखी खाली म्हणजे खाली. रिकामं वगैरे काही नाही.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. बाबांना मी लोधीपुऱ्यात माझ्याकडे आणलं. पण आणलं ते नुसतं शरीर... भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. त्यात शुगर. डॉक्टर म्हणाले, यांना चालतं-बोलतं ठेवा, नाहीतर हा माणूस हातचा जाईल. मग मी त्यांना टूरवरच न्यायला लागले. आधी नदीपल्याड जैनाबादला नेलं. तिथे त्यांनी पाहुण्यांना इतका चुकीचा इतिहास सांगितला की मी कपाळावर हात मारला. पण बोलले तरी! मला तेवढंही पुरेसं होतं.

त्या दिवशी नाशिकचा ग्रुप होता, असीरगड बघायला आलेला. सोबत बाबा, आणि मदतीला नेहमीचे सलीमभाई. किल्ल्याची आणि आजूबाजूच्या डोंगराची वाट न् वाट त्यांच्या पायाखालची. टूर संपताना कुणी मागे राहू नये म्हणून आमची एक पद्धत आहे. दोघांनी दोन बाजू बघत यायचं, आणि जी जागा बघून झाली तिथून मोठ्याने ओरडायचं, "खाली!" म्हणजे इथे कुणी नाही, पुढे चला. ते ओरडले की मी ती जागा पुन्हा बघत नाही, मी ओरडले की ते बघत नाहीत.

ऊन कलायला लागलं होतं. पाहुणे गाडीत बसले. मी सलीमभाईंना विचारलं, "बाबा कुठे?"

"मैं तो समझा तुम्हारे साथ है, ताई."

सकाळच्या पोह्यांवर होते बाबा, आणि इन्सुलिन घेतलेलं. सलीमभाई दरवाजाकडे पळाले, मी मंदिराकडे. मंदिरात नाहीत. पडक्या बराकींमध्ये नाहीत. त्यांच्या मागे जमिनीत उतरणाऱ्या पायऱ्या आहेत, तळाशी पाणी. अंधारी जागा, आम्ही तिथे कुणाला नेत नाही. मी वरूनच हाक मारली, "बाबाऽऽ!"

आवाज आला, "खालीऽ..."

मला वाटलं, सलीमभाई पलीकडून इथवर येऊन बघून गेले. मी वळले. खरंच सांगते, क्षणभरही थांबले नाही, तशीच तटाच्या बाजूला पळाले. तिथे पोचते तर समोरून सलीमभाई येतायत, धापा टाकत, दरवाजाकडून.

"वो पायऱ्यांवाली जगह तुमने देखी ना?" मी विचारलं.

"मैंने? मैं तो सीधा दरवाजे से आ रहा. उधर तो तुम गई थी."

"मग खाली कोण बोललं?"

"किसने बोला? मैंने तो अब्भी तक एक बार भी आवाज नहीं दिया, ताई."

आणि तेव्हा तो आवाज माझ्या कानात पुन्हा उमटला. सलीमभाईंचं "खाली!" म्हणजे कुऱ्हाडीचा घाव, तोडून टाकल्यासारखं. हे तसं नव्हतं. शेवटची 'ली' लांबवलेली, जेवायला बोलावताना लांबवतात तशी. आणि अहो, आवाज बाईचा होता! मला तेव्हाच कसं कळलं नाही? तशीच उलटी धावत सुटले.

बाबा खालीच होते. शेवटच्या पायरीवर आडवे, पाय वाकडा झालेला, अंग घामाने भिजलेलं, शुद्ध नाही. तोंड पाण्यापासून वीतभर लांब. मी काय काय ओरडत होते ते मला आठवत नाही. सलीमभाईंनी एका काकूंच्या पर्समधली साखर आणून हिरड्यांना चोळली, दोघांनी उचलून वर आणलं आणि गाडी जी सुटली ती बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यापर्यंत. पाय मोडला होता. शुगर इतकी उतरलेली की डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "सही वक्त पे ले आई, बेटा." वेळेवर आणलं म्हणे!

मी पाहुण्यांपैकी एकेकाला विचारलं. कुणीही गाडीतून उतरलं नव्हतं. प्रतिध्वनी म्हणावा तर मी "बाबा" म्हणाले होते, आणि बाबांना तर शुद्धच नव्हती. मग मी, भुतांचं विचारलं की टोपी घाला म्हणणारी मी, आईच्या फोटोपुढे बसून ढसाढसा रडले. आईच सांगत होती, पोरी, ते खाली आहेत, खाली बघ... आणि मी मूर्खासारखं त्याचं हिंदी केलं. फोटोला मोगऱ्याचा हार घातला. इथवर असतं तर मी हे लिहिलंही नसतं, गुपचूप ठेवलं असतं मनाशी.

दवाखान्यात बाबा बोलण्याइतके सावरले तेव्हा मी त्यांना म्हटलं, "बाबा, आईने वाचवलं तुम्हाला. तिने मला सांगितलं, खाली आहेत म्हणून."

बाबा हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

"म्हणजे तुलाही ऐकू आलं?"

"तुलाही म्हणजे?"

"अगं, मी देवळापाशी बसलो होतो. मागून आवाज आला, 'आहे खाली, या खाली!' जेवायला बोलवायची ना, तश्शी. मग मी गेलो. अंधार होता, पण म्हटलं ही आहे ना खाली, भ्यायचं काय."

म्हणजे ते वाट चुकले नव्हते. बोलावल्यावर गेले होते! मग मला जे ऐकू आलं ते काय होतं? मराठीतलं असेल तर... ते इथे खाली आहेत, ये. आणि हिंदीतलं असेल तर... इथे कुणी नाही, तू जा. आणि मी गेलेच होते की! माझी सख्खी आई मला असं घालवून देईल?

सलीमभाईंना सांगितलं तर ते म्हणाले, "ताई, अम्मा को हिंदी आती थी क्या?"

"नाही."

"फिर काहे को डरती? तुमको बुलायाच होगा उन्होंने."

या एका वाक्यावर मी पुढचे दिवस काढले. आईला हिंदी येत नव्हतं. बस्स! रात्री दचकून जाग आली की हेच स्वतःला सांगायचे आणि झोपायचे.

परवा बाबांना ताट वाढलं. प्लास्टर असल्यामुळे ते पलंगावरच जेवतात. भाकरीचा तुकडा मोडता मोडता आपलेच खुदकन हसले.

मी म्हटलं, "काय झालं?"

"काही नाही गं. तुझी आई हिंदी शिकली, बरं का."

"म्हणजे?" मी विचारलं.

"खाली उतरलो ना त्या दिवशी, तर पायरीवर बसलेली. शालू नेसून. जरा सरकली, शेजारी हात ठेवला आणि मला म्हणते कशी, 'खाली है, बैठ जाइए.'"

मंडळी, मला याचा अर्थ लागत नाही. शुगर उतरल्यावर भास होतात हे मला डॉक्टरांनी सांगितलंय, आणि बाबांचं सगळं त्यात बसवता येईलही. पण माझी शुगर उतरलेली नव्हती. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर सांगा, मी वाद घालणार नाही. आईच्या फोटोसमोर हल्ली मला उभं राहवत नाही, एवढं मात्र खरं.

येत्या सोमवारी बाबांचं प्लास्टर निघतंय. माणूस अगदी बदललाय, दाढी करतो, गाणं गुणगुणतो, शेजाऱ्यांची चौकशी करतो. आणि रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन मला विचारतो, "काय गं, असीरगडची टूर आता परत कधी?"