हिराबाईंचं घमेलं

अलिबागच्या बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला, की मला रेवदंड्याच्या कोळीवाड्यातला आमचा साक्षरतेचा वर्ग आठवतो. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. मी एकवीस वर्षांची नवी शिक्षिका होते आणि शुद्ध भाषेबद्दल भारी कडक. एका दुपारी मासळी विकणाऱ्या हिराबाईंनी पाटीवर पहिल्यांदाच स्वतःच्या मनानं एक शब्द लिहिला, ‘घमेलं’.

"हा गावंढळ शब्द झाला," मी म्हणाले आणि फळ्यावर ‘पात्र’ लिहिलं. "असं लिहा."

त्यांनी पाटी खाली ठेवली. "बाय, माजा शबुद तुज्या बुकान न्हाय, त मी येवू कशाला?" आणि त्या उठल्याच.

त्यांना थांबवायला मी घाईघाईनं शब्दकोश उघडला. शब्द तिथं होता, आणि पुढं मूळ दिलं होतं, पोर्तुगीज. गलबतांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागलेला शब्द! मी ओशाळून वाचून दाखवलं.

हिराबाई खळखळून हसल्या. "मंजे दर्यावरून आला. मंग तो आमचाच हाय!"

तेव्हा ती मला माझी फजिती वाटली होती. आज तो माझ्या नोकरीतला सर्वांत चांगला तास वाटतो. मी ‘पात्र’ पुसलं आणि खडू त्यांच्या हातात दिला. त्यांनी फळाभर ‘घमेलं’ लिहिलं, आणि कुणी न सांगता खाली स्वतःचं नाव.