डबा फक्त आजाऱ्याला

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो तालुक्याच्या गावी आमच्या कॉलेजसमोर खानावळ चालवणाऱ्या मावशींचा. आईवडिलांनी शाळेत घातलं, मास्तरांनी शिकवलं, पण घरातला पहिला पदवीधर मी झालो तो मावशींच्या चुलीपाशी. दोन्ही वेळा स्वयंपाकाला मदत करायची, चाळीस मुलांना वाढायचं आणि त्या बदल्यात तिथंच जेवायचं, असं आमचं ठरलेलं होतं. वाढपी शेवटी जेवतो. तरी तीन वर्षांत मी एकदाही एकटा जेवलो नाही, कारण मावशी माझ्यासाठी थांबायच्या. जेवताना त्या विचारायच्या, आज काय शिकवलं. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, पण माझं सांगणं पटलं नाही तर तसं स्पष्ट म्हणायच्या.

खानावळीचा एक नियम होता. खोलीवर डबा फक्त आजाऱ्याला मिळायचा. कुणी धडधाकट मुलगा डबा मागायला आला, की त्या त्याला खालपासून वरपर्यंत बघायच्या.

"ताप आहे? पाय मोडलाय? मग चालत आलास तसा बस पानावर."

मुलं त्यांना मागून हेडमास्तरीण म्हणायची. मलाही तेव्हा तो नुसता हट्ट वाटायचा.

दोन हजार पाच साली मी इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत रुजू झालो. निघताना गावानं शाल-नारळ देऊन सत्कार केला. तिथून जवळच्या स्लाऊ गावात एका घरात खोली घेतली. घरात आम्ही तिघं होतो: मी, गोदामात काम करणारा एक पोलिश तरुण आणि बायकोपासून वेगळा झालेला साठीचा एक इंग्रज इलेक्ट्रिशियन. फ्रिजमध्ये तिघांचे तीन कप्पे. किचनमध्ये एकजण असला की दुसरा बाहेर थांबायचा, ही तिथली सभ्यता. किचनमध्ये खुर्ची नव्हतीच. मी सिंकपाशी उभा राहून जेवायचो, दुपारी ऑफिसात स्क्रीनसमोर सँडविच खायचो.

पहिला हिवाळा संपेपर्यंत माझी भूक गेली होती. झोप तुटायची, सोप्या कामात चुका व्हायच्या. शनिवार-रविवार कुणाशी एक शब्द न बोलता जायचा. शेवटी राजीनामा टाइप करून ठेवला. पाठवायचा धीर होत नव्हता, कारण शाल-नारळ देणाऱ्यांसमोर कुठल्या तोंडानं उभं राहायचं? दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना भेटलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हे नैराश्य आहे असं सांगितलं, समुपदेशनाला नाव घातलं आणि पुन्हा बोलावलं.

त्याच आठवड्यात मावशींचं पत्र आलं, नातीच्या अक्षरात. मी दर महिन्याला त्यांना लिहायचो, अर्थात सगळं छान आहे असंच. त्यांनी लिहवून घेतलं होतं, "काय खातोस ते सगळं लिवतोस. कुणासंगं खातोस ते एकदा बी लिवलं नाहीस."



त्या रविवारी पिठलं करायला घेतलं. मावशींकडे मी हात बसवला होता तो चाळीस पानांच्या मापावर. पीठ जास्त झालं म्हणून पाणी घातलं, पाणी जास्त झालं म्हणून पीठ. घरातलं सगळ्यात मोठं पातेलं काठोकाठ भरलं. भाताचीही तीच गत. मग मी दोन्ही दारं वाजवली.

इलेक्ट्रिशियननं विचारलं, कुणाचा वाढदिवस आहे का? मी म्हटलं, नाही, माझं माप चुकलंय.

दोघं आपापली ताटली आणि खोलीतली खुर्ची घेऊन आले. मीही माझी आणली. पण सवयीनं मी वाढत उभाच राहिलो. पोलिश मुलानं घास उचलला, तेवढ्यात म्हाताऱ्यानं त्याला हातानं थांबवलं आणि माझ्या खुर्चीकडे बोट केलं.

"आधी तू बस. मग आम्ही सुरू करतो."

हजारो मैलांवर, मावशींना कधी न पाहिलेल्या माणसानं त्यांचाच कायदा मला सांगितला: कुणी एकटं जेवायचं नाही. मी बसलो, आणि किती खाल्लं ते मला कळलंच नाही.

पुढच्या रविवारी पोलिश मुलानं बटाट्याचं काहीतरी केलं. म्हाताऱ्याला एकच पदार्थ यायचा, तो त्यानं दर तिसऱ्या रविवारी केला. मी समुपदेशनालाही जात राहिलो. बरं व्हायला वेळ लागला, पण उन्हाळ्यात राजीनाम्याची फाईल काढून टाकली. पदवीचा मला अभिमान आहेच. त्या तीन खुर्च्यांचा त्याहून कणभर जास्त आहे. त्यानंतर मावशींना पहिलं खरं पत्र लिहिलं.

तीर्थरूप मावशींना साष्टांग नमस्कार.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर द्यायला उशीर झाला, कारण तेव्हा माझ्याकडे ते नव्हतं. मी एकटा जेवत होतो आणि आजारी होतो. तुम्हाला खोटं लिहिलं, माफ करा. आता रविवारी तिघं जेवतो. पिठलं तुमच्यासारखं होत नाही, पण उरत नाही. तुमचा नियम इथं भिंतीवर इंग्रजीत लिहून लावलाय. आजवर खोलीवर डबा एकदाच दिला, पोलिश मुलाला. त्याला खरंच ताप होता, मी हात लावून बघितलं.