पडद्यावरचे समुद्र

प्रेमानंद मेश्रामांनी उभ्या आयुष्यात पुष्कळ समुद्र रंगवले, पण पाहिला नव्हता एकही.

सीताबर्डीवरच्या फोटो स्टुडिओंसाठी ते मागचे पडदे रंगवायचे. एका अंगाला निळं पाणी, दुसऱ्या अंगाला डोंगर, मधून वळत गेलेली पायवाट. भिवापूरकडून मिरची विकायला आलेली माणसं डोक्याला पाणी लावून, भांग पाडून त्या पायवाटेवर उभी राहायची. नवी जोडपी, टोपडं घातलेली बाळं, निवृत्त होणारे बाबू, सगळ्यांच्या पाठीशी तोच समुद्र.

अंजनाबाई तिथंच भेटल्या. स्थळाला पाठवायचा फोटो काढायला त्या बहिणीबरोबर आल्या होत्या. प्रेमानंद कोपऱ्यात ब्रश धूत बसले होते.

"हा समुद्र कुठचा हाये?" अंजनाबाईंनी विचारलं.

"मले नाही ठाऊक. कॅलेंडरवर पाह्यला अन् काढला."

"न पाह्यताच? मोठी हिंमत हाये तुमची!" म्हणत त्या खुदकन हसल्या. फोटोत ते हसू तसंच उतरलं. त्या स्थळाचा होकार काही आला नाही. पुढल्या वर्षी प्रेमानंदांच्या मामांनी अंजनाबाईंच्या घरी जाऊन लग्नाचं बोलणं केलं.

पुढं कॉम्प्युटर आले आणि पडदे गेले. प्रेमानंद दुकानांच्या पाट्या रंगवू लागले; फ्लेक्स आल्यावर तेही काम सुटलं. प्रताप नगरातल्या घरी दिवस निवांत चालले होते. अशात बँकेतल्या मेघाची, त्यांच्या लेकीची, श्रीवर्धनला बदली झाली आणि हिवाळ्यात तिनं दोघांना बोलावून घेतलं.

पोचले त्याच दिवशी, उन्हं उतरल्यावर, ती त्यांना जवळच्या टेकडीवर घेऊन गेली. चढ लहानसाच होता, पण अंजनाबाईंचे गुडघे बोलायला लागले.

"अवो, हळू चाला ना! काहून पळून राहिले?"

प्रेमानंद थांबले ते थेट माथ्यावर. समोर समुद्र पसरला होता. किनाऱ्याशी मातकट, पुढं करडा, अगदी लांब चांदीसारखा.

"हे तं हलून राहिलं वं," ते हळूच म्हणाले.

पाठीमागं सह्याद्रीच्या रांगा होत्या, एकीमागं एक, फिकट होत गेलेल्या.

"डोंगर बरोबर जमले होते तुमाले," अंजनाबाई धापा टाकत म्हणाल्या. "पाणी मात्र लय निळं काढत होते."

प्रेमानंद हसले. मग त्यांना स्टुडिओतल्या दिव्यांची धग आठवली, टर्पेंटाइनचा वास आठवला. गिरणीतला एक कामगार आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आला होता. फोटो झाल्यावर म्हातारीनं पडद्यावरच्या पाण्याला हात लावला आणि बोटं निरखून पाहिली होती. ती माणसं आता कुठं असतील? प्रेमानंदांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात एका नव्या जोडप्यानं मोबाइल पुढं केला. "काका, आमचा फोटो काढता?"

"बटन माही पोरगी दाबन. तुमी उभे राहा," प्रेमानंद म्हणाले. "पोरी, हनुवटी जराशी वर. अन् पोरा, तू खांदा ढिला सोड. हां, अस्सं!"

जोडपं गेलं. सूर्य बुडाला तशी मेघा निघायची घाई करू लागली.

"बस ना जराशी," अंजनाबाईंनीच तिला दटावलं आणि त्या नवऱ्याशेजारी खडकावर टेकल्या.

मोबाइलच्या उजेडात तिघं खाली उतरली. घरी आल्याबरोबर प्रेमानंदांनी लेकीला परतीचं तिकीट आठवडाभर पुढं ढकलायला सांगितलं.