विहिणीच्या पंगतीत नागली

कॉलेजात मी नवी रुजू झाले तेव्हा सुलभाताई देवरे आमच्या आहारशास्त्र विभागाच्या प्रमुख होत्या. पहिल्याच दुपारी त्यांनी माझा डबा उघडायला लावला, आतला ब्रेड-जॅम पाहिला आणि स्वतःची अर्धी नागलीची भाकरी मला वाढली. प्रमुखांना नाही म्हणायची माझी काय बिशाद.

नागली, म्हणजे नाचणी, डोंगरउतारावर थोड्या पाण्यात येते. ती ताटात टिकली तरच शेतात टिकेल, हा ताईंचा ध्यास. नाशिक शहरात काम सोपं गेलं. ‘साखर आटोक्यात राहते’ एवढं म्हटलं की गंगापूर रोडच्या बायका पीठ मागायच्या. तेच भाषण घेऊन आम्ही कळवणजवळच्या एका गावात गेलो. बायकांनी माना डोलावल्या आणि आम्हांला जेवायला गव्हाच्या पुऱ्या वाढल्या. मला हसू आवरेना. ताईंनी मात्र जिथे जेवलो त्या घरच्या सखूबाईंना कारण विचारलं.

“आमी खातो ना ताई नागली,” त्या म्हणाल्या. “पन पाव्हण्याला कशी वाढायची? लोकं नावं ठेवतील. पोरांना तर लाजच वाटती. औंदा पेरायचीच नाय म्हणतात.”

म्हणजे इथे प्रश्न तब्येतीचा नव्हता, मानाचा होता. ताईंनी भाषणं गुंडाळून ठेवली.

त्याच उन्हाळ्यात ताईंच्या मुलीचं लग्न होतं. विहिणीची पंगत म्हणजे मुलीच्या आईची परीक्षा. वऱ्हाड रुसायला टपलेलंच असतं. ताईंनी सखूबाईंना मानाने बोलावलं, भाकऱ्या करवून घेतल्या आणि विहीणबाईंच्या चांदीच्या ताटात स्वतः नागलीची भाकरी वाढायचं ठरवलं. “पोरीला जन्मभर ऐकावं लागेल,” असं ताईंच्या सासूबाईंनी बजावलं. ताईंनी मुलीलाच विचारलं. ती म्हणाली, “वाढ.”

विहीणबाई भाकरीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तूप घेतलं, घास खाल्ला आणि म्हणाल्या, “गरम असेल तर अजून एक वाढा.”

“इहिणीनं मागून खाल्ली,” सखूबाई दारातून म्हणाल्या. “आता कोन नावं ठेवतं, बघतेच.”

त्या पावसाळ्यात सखूबाईंच्या उतारावर नागली उभी राहिली, पाठोपाठ शेजाऱ्यांच्याही. आज त्या गावात जावई आला तरी हीच भाकरी वाढतात. ताई जिंकल्या, आणि हे लिहिताना मला मनापासून अभिमान वाटतो.

ताई, पंचाहत्तरीनिमित्त देवाकडे मागणं एवढंच, की तुमची तब्येत आणि दरारा दोन्ही असेच खणखणीत राहोत. शंभरीच्या पंगतीत तुम्ही नुसतं पाटावर बसायचं. भाकऱ्या थापायला सखूबाईंची सून आत्तापासून पदर खोचून तयार आहे.